मांडूच्या इमलीचं पान

पियुषने कळ दाबली त्या क्षणापर्यंत राजनंदिनी फणसेच्या जमेच्या बाजूला बरंच काही होतं. शनिवारी विभागात प्रबंधाचं पूर्वसादरीकरण. ते पार पडलं की प्रबंध दाखल, दाखल झाला की पावसाळा सरता सरता नावामागे डॉक्टर, आणि डॉक्टर लागलं की सहायक प्राध्यापकाच्या भरतीत अर्ज. त्या भरतीसाठी तिचं वय या डिसेंबरपर्यंतच चालणार होतं. देवासच्या त्या महाविद्यालयात ती इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होती की तिची एक विद्यार्थिनी तिथेच कायम होऊन आता तिच्या हजेरीवर सही करत होती. राजनंदिनी मात्र ‘अतिथी विद्वान’. तासावर नेमलेल्या मास्तराला आमच्याकडे सरकार अतिथी म्हणतं. पाहुण्याला बसायला खुर्ची मिळते, कपाट मिळत नाही. राजनंदिनीची पुस्तकं अजून पिशवीतच होती.

हा सगळा डोलारा एका पानावर उभा होता, आणि ते पान आत्ता पियुषच्या पडद्यावर भलत्याच घरी जाऊन बसलं होतं.

“दीदी, आपली इमली तर गल्ली चुकली,” पियुष म्हणाला.

पियुष संगणक विभागातला अतिथी. बदनावरचा, घरात मराठी पण शाळा सगळी हिंदीत झालेली, त्यामुळे मराठी बोलायला खुशाल आणि वाचायला सांगितलं की चष्मा शोधायचा. राजनंदिनीचं संगणकाचं काम तो चहावर करून द्यायचा.

“देखो ना. कपास इथे, भिंडी इथे, सेमल इथे. खानदान पूरा एका ओळीत. आणि आपली मांडूवाली? ती चंदनच्या बाजूला जाऊन बसली. तिथे तिचं काय काम?”

राजनंदिनी पडद्याजवळ सरकली. जगभरच्या उच्च वनस्पतींमधली चाळीस नावं आणि त्यांच्यात एक तिची स्वतःची, मांडूची इमली. इमली म्हणायचं खरं, पण ही आपली वरणातली चिंच नव्हे. हत्तीसारखं खोड असलेलं हे गोरखचिंचेचं झाड, आफ्रिकेतून कधी काळी आलेलं आणि मांडूला घर करून बसलेलं. या सगळ्या झाडांमधलं एकच जनुक तिने निवडलं होतं. प्रत्येक हिरव्या पानात रुबिस्को नावाचं एक एन्झाइम असतं. हवेतला कार्बन पकडून त्याची साखर करण्याच्या कामात पहिला हात त्याचा. आणि हा हात भलताच मंद. वर चुका करणारा, तीन वेळा कार्बन उचलला की चौथ्यांदा ऑक्सिजन उचलून बसणारा. तरी सगळं जग त्याच्याच जिवावर जेवतं. वर्गात हे सांगताना राजनंदिनी मुलांना म्हणायची, सरकारी खात्यासारखं आहे, काम कसंही करो, त्याच्यावाचून अडतं. त्या एन्झाइमचा आराखडा ज्या जनुकात असतो ते जनुकही तसंच, जुन्या वळणाचं. लाखो वर्षांत एखादं अक्षर बदलेल तर बदलेल. म्हणून तर त्यावरून झाडांची नाती लावता येतात. कपाशी, भेंडी, सावर आणि गोरखचिंच ही एका कुळातली, त्यांच्या अक्षरांत फरक थोडका. आणि मांडूच्या इमलीत पन्नासावर अक्षरं वेगळी.

“जगाच्या कोठारात टाकून बघ,” ती म्हणाली. “जवळचं कोण ते विचार.”

पियुषने अक्षरांची ओळ उचलून सार्वजनिक संग्रहात टाकली. थोडं चक्र फिरलं आणि उत्तर आलं. सगळ्यात वरचं लॅटिन नाव पियुषने अडखळत वाचलं आणि विचारलं, हे कोण?

“बांडगूळ.”

“मतलब?”

“बांदा रे. दुसऱ्याच्या झाडावर उगवतो तो.”

पियुष मोठ्याने हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि उरलेलं हसू चहाच्या कपात बुडवलं.

*

ते पान तिने तोडलं नव्हतं. हिशोबातली खरी मेख इथे होती.

फाल्गुनात विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या होत्या. अतिथीला रजा असते, पण रजेच्या दिवसाच्या तासाचे पैसे नसतात, आणि परीक्षेच्या देखरेखीला नाही म्हणणाऱ्या अतिथीला पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. मांडूला जायचं तर देवासहून इंदूर, इंदूरहून धार, धारहून मांडू. दर शनिवारी ती धारला वडिलांकडे यायची ती सुद्धा दिवेलागणीला पोचायची, आणि रविवार तपासणीच्या गठ्ठ्यांत जायचा. या शनिवारी जाऊ, पुढच्या शनिवारी जाऊ, करता करता इंदूरच्या प्रयोगशाळेची तारीख डोक्यावर आली.

तेव्हा तात्यासाहेब म्हणाले होते, “पान आणायला बाईसाहेबांनी कशाला जायला हवं? हुजऱ्या आहे की घरात.”

तात्यासाहेब म्हणजे तिचे वडील. फणशांच्या पूर्वजांनी धारच्या दरबारात काय काम केलं याबद्दल घरात दोन मतं होती. तात्यासाहेबांच्या मते पागा सांभाळली, राजनंदिनीच्या आईच्या, कैलासवासी माईंच्या, मते पागेतला दाणा सांभाळला. तात्यासाहेबांनी स्वतः बांधकाम खात्यात कारकुनी केली, त्यातली ऐन उमेदीची वर्षं मांडूच्या रस्त्यांवर. तिथली झाडं मला नावाने ओळखतात, असं ते म्हणायचे. आता वय झालं होतं, गुडघे बोलत होते, पण लेकीच्या डॉक्टरकीत आपलं काही लागावं ही हौस गुडघ्यांहून मोठी. सकाळच्या बसने गेले, संध्याकाळी परतले. खिशातून ओला रुमाल काढला, तो टेबलावर असा उलगडला की जणू आत नजराणा आहे, आणि आतली चार पानं तिच्यापुढे ठेवली.

सगळी हकिगतही सांगितली. सडकेच्या कडेला इमलीची फळं विकणारी थावरीबाई अजून तिथेच बसते. तिच्याकडे लांब बांबूची आकडी. इमल्या सगळ्या उघड्याबोडक्या, फाल्गुनात त्यांना पान कुठलं? पण एका झाडाच्या वरच्या फांदीत एक झुपका हिरवागार. “म्हटलं, थावरीबाई, तेवढं काढा. सगळं झाड वाळलं तरी एक फांदी ताठ. याला म्हणतात घराणं.”

थावरीबाईला हिरवं मागितलं, तिने हिरवं दिलं. तिचा व्यवहार चोख होता.

राजनंदिनीने पान बोटांत धरलं तेव्हा ते जाड लागलं, चामड्यासारखं. इमलीचं पान मऊ असतं आणि पंज्यासारखं, एका देठाला पाच बोटं. हे एकेकटं होतं. तिच्या मनात शंका आली, नाही असं नाही. पण त्याच मनात वनस्पतिशास्त्रही होतं, आणि शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायला दाखला लागतो तेवढा शास्त्राने पुरवला: गोरखचिंचेला पालवी फुटते तेव्हा पहिली पानं पुष्कळदा एकेकटीच येतात. शिवाय समोर तात्यासाहेब उभे होते, धुळीने माखलेले, पाण्याचा तांब्याही न घेतलेले, तिच्या तोंडाकडे पाहत. तिने पान ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या दाण्यांच्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, छान आणलंत. नमुना संशोधकाने स्वतःच गोळा करायचा असा विद्यापीठाचा दंडक. तिने पिशवीवर लिहिलं, संकलन: स्वतः.

इंदूरहून अक्षरं आली तेव्हा ती परीक्षेच्या गठ्ठ्यांत होती. तिचे मार्गदर्शक डॉ. अंबरीश पागे यांनी ती आफ्रिकेतल्या गोरखचिंचेशेजारी मांडून पाहिली. दोघींनाच, तिसरं कुणी शेजारी नाही. पन्नासावर फरक बघून दुसरा कुणी नमुना पुन्हा तपासायला धावला असता. डॉक्टरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, नावावर सांगण्यासारखं काही नाही, आणि हे दान पदरात. माळव्याच्या उन्हाने इमलीचं जनुक बदललं, असं ते एका सभेत बोलून गेले, आणि एका हिंदी दैनिकाने ते उचललं. ‘मांडू की इमली दुनिया से अलग, धार की बेटी की खोज.’ खाली राजनंदिनीचा फोटो, ओळखपत्रावरून घेतलेला, डोळे अर्धे मिटलेले.

तात्यासाहेबांनी त्याची काचेची फ्रेम करून बैठकीत टांगली. बातमीत लिहिलं होतं की संशोधिकेने स्वतः मांडूला जाऊन पान आणलं. ते वाचून ते म्हणाले होते, आमचं नाव नाही ते उत्तम, लोक म्हणतील म्हातारा मिरवतो. आणि मग येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देण्याआधी सांगत होते की पान कुणी आणलं.

*

डॉ. पागे देवासचे. देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं नांदलेली जागा, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. पाग्यांचे पणजोबा थोरल्या पातीत दफ्तर सांभाळायचे आणि धाकट्या पातीकडूनही नारळ घ्यायचे. प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात आणि दोन्हीकडे आपली खुर्ची असावी, हे शहाणपण त्या घराण्यात वारसाने आलेलं.

राजनंदिनीने झाडांच्या नात्यांची आकृती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली. हे बांडगूळ आहे हे त्यांना तिने सांगण्याआधीच पटलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदा उठून दार लावलं.

मग ते पुष्कळ बोलले. भोपाळच्या परिषदेत त्यांचा बीजभाषणाचा मान ठरला होता. कुलगुरूंनी अभिनंदनाचं पत्र धाडलं होतं. हिच्या प्रबंधाची नोंदणी जूनअखेर संपते हे त्यांना ठाऊक होतं आणि वयाची अट तर तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ होती. हे सगळं त्यांनी बापाच्या काळजीने सांगितलं, आणि काळजी अगदीच खोटी नव्हती. ती घरी येऊन त्यांच्या सुनेच्या हातचा उपमा खाऊन गेलेली मुलगी होती.

“असं कर,” शेवटी ते म्हणाले. “ती चाळीस झाडं एका प्रकरणात. मांडू आणि आफ्रिका दुसऱ्या प्रकरणात. दोघांची गाठ घालायचीच कशाला? अगं, एका गावात दोन पात्या नांदल्या. एका प्रबंधात दोन प्रकरणं नांदायला काय झालं?”

“आणि सर, संग्रहात टाकायची अक्षरं? मांडूची इमली म्हणून?”

“ती टाकायलाच हवीत. त्याशिवाय परिषदेत मान्य करत नाहीत.”

पान खोटं असलं तरी ते एका प्रबंधात राहिलं असतं तर राजनंदिनीने कदाचित गिळलं असतं. तिच्या अंगी देवत्व वगैरे काही नव्हतं. हजेरीपटावर न झालेल्या तासांच्या सह्या तिनेही केल्या होत्या, सगळेच करतात. पण तो सार्वजनिक संग्रह हे तिचं एकमेव कपाट होतं. तिच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, पैसा नव्हता. ज्या चाळीस झाडांवर तिने इतकी वर्षं काढली ती सगळी कुणीतरी कुठेतरी खरेपणाने तोडून, तपासून, फुकट ठेवून दिलेली. जपानातल्या, ब्राझीलमधल्या, तोंड न पाहिलेल्या माणसांच्या भरवशावर तिने दाणा उचलला होता. त्याच कोठारात आता इमलीच्या नावाने बांडगूळ ओतायचं, आणि मग उद्या दुसरी कुणी राजनंदिनी ते खरं मानून उचलणार.

ती म्हणाली, विचार करते. डॉक्टर म्हणाले, कर, पण शनिवारच्या आत.

पियुषकडे तिसरी वाट होती. थावरीबाईकडून इमलीचं फळ आणा, बी रुजवा, रोपाचं पान इंदूरला पाठवा, जुन्याच्या जागी नवं सरकवा, कुणाच्या बापाला कळणार नाही. बोलून झाल्यावर त्यालाच जाणवलं की मग बातमी खोटी पडते, कारण खरी मांडूची इमली आफ्रिकेच्या इमलीसारखीच निघणार. “म्हणजे दीदी, सच्ची इमली आली तर सर फसले. झूठी राहिली तर तुम्ही.” त्याने हे गणित इतक्या सहज मांडलं की तिला हसू आलं.

त्या आठवड्यात ती मधल्या वारीच धारला गेली. तात्यासाहेबांनी दार उघडलं ते आश्चर्याने. बैठकीत दोन शेजारी बसले होते आणि फ्रेमची पूजा चालल्यासारखी चर्चा चालली होती. ते गेल्यावर तिने ताटावर बसता बसता सहज विचारल्यासारखं विचारलं, तो झुपका कसा होता, फांदीतून निघाला होता की फांदीवर बसला होता? तिथे फांदीला गाठ होती का?

“गाठ म्हणजे कशी, हीऽ मूठभर.” तात्यासाहेबांनी मूठ दाखवली. मग घास तसाच ठेवून म्हणाले, “का हो बाईसाहेब? काही कमीजास्त झालं का?”

बांडगूळ फांदीला धरतं तिथे अशीच गाठ येते; हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या मुठीनंतर विचारायचं काही उरत नाही. राजनंदिनी म्हणाली, काही नाही, सरांना वर्णन लिहायचंय. ते खूश झाले. लिहून घे म्हणाले, आणि सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली, थावरीबाईच्या आकडीसकट. तिने खरंच लिहून घेतलं. न लिहिलं असतं तर त्यांना कळलं असतं.

*

शनिवारी इंदूरहून तज्ज्ञ म्हणून डॉ. अपेक्षा सरवटे आल्या, राजनंदिनीपेक्षा वयाने लहान, बोलायला गोड आणि वाचून आलेल्या. विभागातले सगळे मागे बसले. पियुषने पडदा लावून दिला. डॉ. पाग्यांनी पाहुण्यांना हार घालून दोन प्रकरणांचा आराखडा तोंडी सांगितला आणि राजनंदिनीकडे बघून मान हलवली, म्हणजे कर सुरू.

तिने सुरू केलं. चाळीस झाडं दाखवली, त्यांची कुळं, त्यांच्या फांद्या. मग डॉक्टरांनी टाळायला सांगितलेली ती आकृती पडद्यावर आली. तिच्यात एक्केचाळीस नावं होती.

“हा नमुना मांडूच्या इमलीचा म्हणून नोंदवला होता,” ती म्हणाली. “तो इमलीचा नाही. इमलीवरच्या बांडगुळाचा आहे. वर्तमानपत्रात आलं ते चूक आहे.”

मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवली. डॉ. पागे उठले. एवढ्या चपळाईने ते बढतीच्या वेळीही उठले नव्हते. त्यांनी सांगितलं की त्यांना पहिल्यापासूनच शंका होती, अंतिम पडताळणीसाठी त्यांनीच ही आकृती करवून घेतली, आणि विज्ञान म्हणजे हेच, स्वतःची चूक स्वतः काढणं. बोलता बोलता ते थोरल्या पातीतून धाकट्या पातीत गेले, मध्ये सडक लागलेलीही कुणाला कळली नाही.

डॉ. सरवटे बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि राजनंदिनीकडे वळल्या. त्यांना तिच्याबद्दल वाईट वाटत होतं हे दिसत होतं.

“मॅडम, एक समजत नाही. वनस्पतिशास्त्र इतकी वर्षं शिकवणारी व्यक्ती इमलीचं पान आणि बांदा यांत गल्लत कशी करेल? दुसऱ्या कुणी आणून दिलं होतं का? तसं असेल तर सांगा. नियम मोडला एवढंच होईल, ते आपण समजून घेऊ.”

दार उघडं होतं, बाईंनी स्वतः धरून ठेवलेलं. माझ्या वडिलांनी आणलं, एवढे तीन शब्द. नियम मोडला, दंड भरला, सुटली. पण देवासची गोष्ट धारला पोचायला इंदूरची बस लागत नाही. तिथले मराठी लोक मोजके. लग्नामुंजीत सगळे एका पंगतीला बसतात, आणि त्या पंगतीत तात्यासाहेब जन्मभर दरबारच्या पागेच्या गोष्टी सांगत आले. आता पंगत त्यांना बांडगुळाची गोष्ट सांगेल.

“कुणी नाही,” राजनंदिनी म्हणाली. “मीच तोडलं.”

मागे एक हसू फुटलं आणि खोकल्यात गेलं. ते त्या कायम झालेल्या विद्यार्थिनीचं होतं, की तिला तसं वाटलं, कुणास ठाऊक.

समितीने ठरवलं की नमुना पुन्हा गोळा करावा, प्रयोग पुन्हा करावा आणि सहा महिन्यांनी यावं. नोंदणीला मुदतवाढ मिळाली. वयाला मुदतवाढ देणारी समिती अजून निघायची आहे.

*

आषाढात मांडूचे डोंगर हिरवे झाल्यावर राजनंदिनी पान आणायला निघाली. तात्यासाहेबांना तिने सांगितलंच नव्हतं, फक्त सकाळी जरा बाहेर जाऊन येते म्हणाली. वाटेत एक काम उरकून धारच्या स्टँडवर पोचली तर ते मांडूच्या गाडीत पुढच्या सीटवर छत्री घेऊन बसलेले. पियुषचा फोन घरच्या नंबरवर आला होता, दीदी मांडूला निघाली का विचारायला. पियुष भला माणूस होता, पण कुणाशी काय बोलू नये हे त्याला कुठल्याच भाषेत शिकवलेलं नव्हतं.

“सरांना आणखी एक पान हवंय,” ती म्हणाली.

“त्यांना म्हणावं, मागा अजून, कमी नाही आमच्याकडे,” तात्यासाहेब म्हणाले. गाडीभर ते रस्त्याच्या मोऱ्या दाखवत होते, ही आमच्या वेळची, ही नंतरची, ही बघ खचली. राजनंदिनी खिडकीतून पाहत होती आणि एकच गोष्ट मनात घोकत होती, की झाडाखाली गेल्यावर त्यांनी वर बघू नये. झाडाखाली जाऊन वर न बघणारा माणूस जगात कुठे असतो?

झाड आता भरलेलं होतं. प्रत्येक डहाळीला पानांचे पंजे, पाच पाच बोटांचे, मऊ, फिकट हिरवे, वाऱ्याने सगळे एकाच वेळी हलत होते. आणि वरच्या फांदीवर, मुठीएवढ्या गाठीतून, एक काळपट दाट झुपका. पंज्यांच्या गर्दीत तो वेगळा दिसत होता, जसा पंगतीत न बोलावलेला माणूस दिसतो. थावरीबाईने त्यांना ओळखलं आणि न सांगता आकडी उचलली. वरच्या झुपक्याकडे बोट करून तिने विचारलं, “बाबूजी, वोई तोडूं कई?”

तात्यासाहेब वर पाहत राहिले. मग वाकले, गुडघ्यावर हात टेकून, आणि खाली पडलेलं इमलीचं एक पान उचललं. त्याची बोटं उलगडून पाहिली. अंगठा आणि तर्जनीत धरून ते चुरगळलं, कारकुनाने कागदाची जात पाहावी तसं.

“मी आणलेलं जाड होतं,” ते म्हणाले.

राजनंदिनी सिलिकाची पिशवी उघडत राहिली.

“तुला तेव्हाच कळलं होतं, नंदिनी?”

ते तिला बाईसाहेब म्हणायचे. नंदिनी क्वचित म्हणायचे. माई गेल्या तेव्हा म्हणाले होते.

“शंका आली होती. तरी पिशवीत मीच घातलं ना, तात्या.”

“आणि तिथे काय सांगितलंस? पान कुणी आणलं म्हणून?”

“मी आणलं म्हणून.”

त्यांनी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. थावरीबाई आकडी धरून उभी होती. तिच्या हातातून त्यांनी ती घेतली, खालची एक डहाळी वाकवली आणि तशीच धरून ठेवली. “तू तोड,” ते म्हणाले. “तुझ्या हाताने.” तिने तोडली. परतीच्या गाडीत त्यांनी मोऱ्या दाखवल्या नाहीत.

*

आता हिशोब. डॉ. पागे भोपाळला जाऊन आले. तिथे त्यांनी नमुना गोळा करताना घ्यायची खबरदारी या विषयावर बीजभाषण केलं आणि शाल घेतली. त्यांची खुर्ची दोन्हीकडे होती, ती दोन्हीकडे राहिली. दैनिकाने खुलासा छापला नाही, तोवर त्याला धारची दुसरी बेटी मिळाली होती. पियुष इंदूरला एका कंपनीत लागला, जाताना त्याने आपला जुना संगणक दीदीला दिला. थावरीबाईकडे आकडी होती ती आहेच. खऱ्या पानाची अक्षरं आली, कपाशी-भेंडीशेजारी निमूट जाऊन बसली, आफ्रिकेहून फरक काहीच नाही. ती राजनंदिनीने कोठारात नेऊन टाकली. पुढच्या फाल्गुनात ती डॉक्टर झाली. भरती डिसेंबरातच होऊन गेली होती. तासावर अजून जाते, पुस्तकं पिशवीत, आणि मुलं पाठीमागे तिला बांदा मॅडम म्हणतात. एकदा वर्गात शिरताना तिने ते ऐकलं. त्या दिवशी तिने बांडगुळावरच शिकवलं, मन लावून.

नुकसानीचा भरणा तिच्या नावावर पडला, असं देवासला कुणालाही विचारा, सांगतील.

पण मांडूहून आल्यानंतरच्या शनिवारी ती धारला गेली तेव्हा बैठकीतली फ्रेम भिंतीवर नव्हती. काच तडकली होती, असं तात्यासाहेब म्हणाले. कुठे ठेवली हे तिने विचारलं नाही. संध्याकाळी एक शेजारी आले, त्यांना पाणी दिलं, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, दरबारच्या पागेचं नाव निघालं नाही. भिंतीवर फ्रेमएवढा चौकोन उरलेल्या रंगापेक्षा उजळ दिसत होता आणि त्याच्या वर खिळा तसाच होता. जाताना शेजाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तात्यासाहेब उठले, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि तिथे अडकवली. ती खिळ्याला नीट बसेना. ते बराच वेळ, पाठ करून, ती सरळ करत राहिले.